परराष्ट्रविद्या : चातुर्य आणि शास्त्र

संध्याकाळी घरात चार माणसे एकत्र बसली म्हणजे जगाच्या राजकारणाचा निकाल लागावयास फारसा वेळ लागत नाही. अमेरिकेने अमुक करावयास नको होते, रशियाचा खरा बेत तमुक आहे, चीनला असा धडा शिकविला पाहिजे, हे सर्व निर्णय चहा निवण्यापूर्वीच दिले जातात. ह्यात हसण्यासारखे थोडे असले तरी वाईट काही नाही. ज्या घरात परराष्ट्रांची चर्चा होते ते घर निदान जागे आहे, असे समजावे. परंतु हीच मंडळी ज्वर आला तर वैद्यास बोलावितात, घर बांधावयाचे झाले तर स्थापत्यविशारदास विचारतात, आणि वाटणीचा तंटा उपस्थित झाला तर वकिलाची पायरी चढतात. परराष्ट्रांच्या बाबतीत मात्र कोणास विचारावे, हा विचारही त्यांच्या मनास शिवत नाही. ह्या विषयाचे काही शास्त्र असते, ते शिकावे लागते, आणि ते शिकविणारी पीठे असतात, ही गोष्टच पुष्कळांस ठाऊक नसते.

ह्या सदराच्या एका वाचक भगिनीने नुकताच एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांची कन्या पदवीची परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली असून ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा विषय घेऊन दिल्लीस पुढील अभ्यास करू म्हणते. घरातील आजोबांचे म्हणणे असे की, हे शास्त्रच नव्हे; वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणासही जे येते त्यासाठी दोन वर्षे आणि पैसा कशास खर्चावयाचा? काका विचारतात, पुढे पोटापाण्याचे काय? आईस ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. प्रश्न एका घरचा असला तरी त्याचे उत्तर सर्वांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून ह्या महिन्यात त्याचाच विचार करू.

आजोबांच्या बोलण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. परराष्ट्रव्यवहार हा पुष्कळ अंशी चातुर्याचा विषय आहे, आणि चातुर्य काही पाठशाळेत वाटले जात नाही. आपल्या महाराष्ट्रात तर ह्या चातुर्याची वाण कधीच नव्हती. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी संबंध पाहण्यासाठी सुमंत हा स्वतंत्र प्रधान होता. त्यासच पूर्वी डबीर म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, टोपीकर व्यापाऱ्यांविषयी जो इशारा आहे तो वाचून आजही मन थक्क होते. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत. ह्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि ह्यांस भूमीचा लोभ आहे. वखारीस जागा द्यावयाचीच झाली तर समुद्रकिनाऱ्यावर न देता आत, मोठ्या शहरांच्या आटोक्यात द्यावी आणि पक्की इमारत उभारू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. प्लासीच्या लढाईस तेव्हा चाळीस वर्षांहून अधिक अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या दृष्टीचे मोल कळते.

मग एवढी दृष्टी असता पुढे आपली गत तशी का झाली? पेशवाईत दरबारोदरबारी आपले वकील होते. दिल्लीहून हिंगणे मंडळी, हैदराबादेहून गोविंदराव काळे बारीकसारीक वर्तमान लिहून पाठवीत, आणि नाना फडणीस ते सर्व मनात साठवून आपला पट मांडीत. हिंदुस्थानातील राजकारण नानांस तळहातावरील रेषांप्रमाणे दिसत होते. परंतु इंग्रजांचे घर कसे आहे, तेथे पार्लमेंट आणि कंपनी ह्यांचे नाते काय, त्यांच्या युद्धांस पैसा कोठून येतो, ह्या गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास करणारे एकही पीठ पुण्यात नव्हते. राघोबादादांनी १७८१ मध्ये हणमंतराव नावाचा वकील विलायतेस पाठविला होता. तो तेथे राहून, पाहून परत आला. पण त्याच्या त्या प्रवासातून विलायतेची माहिती देणारी कोणतीही विद्या आपल्याकडे उभी राहिली नाही.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्याच वर्षी वेलस्लीने कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस ह्या देशाच्या भाषा, कायदे आणि इतिहास शिकवावे, हा त्याचा उद्देश होता. थोड्याच वर्षांत तेथे मराठीही शिकविली जाऊ लागली, आणि १८०५ मध्ये विल्यम कॅरी ह्यांचे मराठीचे व्याकरण छापून बाहेर पडले. पुण्यात एका पुरुषाचे ज्ञान त्याच्या चितेबरोबर गेले; कलकत्त्यास आमच्याविषयीचे ज्ञान वर्गात बसवून शिकविले जाऊ लागले. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला. त्या पराभवाची इतरही अनेक कारणे आहेत, आणि इतिहासकारांनी ती सांगितली आहेत. तथापि चातुर्य आणि शास्त्र ह्यांतील भेद मला ह्या उदाहरणाइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही. चातुर्य माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. शास्त्र संस्थेत राहते, पुढच्या पिढीस मिळते, आणि त्यात चूक असेल तर दुसरा कोणी ती दाखवून दुरुस्त करू शकतो.

आता हे शास्त्र स्वतंत्र विषय म्हणून केव्हा मान्यता पावले ते पाहू. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथील महाविद्यालयात ह्या विषयाचे पहिले अध्यासन निर्माण झाले. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनी ह्यांनी युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली. त्या अध्यासनास पुढे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांचे नाव देण्यात आले, आणि आल्फ्रेड झिमर्न हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले. इतकी तरुण मुले कशासाठी मेली आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे, हा त्या विद्येच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. लगेच १९२० मध्ये लंडनला, आणि १९२१ मध्ये न्यूयॉर्कला, परराष्ट्रविषयक चर्चा व संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्था निघाल्या.

परंतु युद्ध टळले नाही. ॲबरिस्टविथच्या त्याच अध्यासनावर १९३६ मध्ये ई. एच. कार हे गृहस्थ आले, आणि १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटत असताना त्यांचा वीस वर्षांच्या संकटावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सदिच्छेने आणि करारमदारांनी शांतता राहील ही आशा भाबडी आहे. राष्ट्रांच्या व्यवहारात सामर्थ्याचा हिशेब सोडून चालत नाही, असे त्यांनी बजाविले. पुढे हिटलरच्या जर्मनीमुळे देशास मुकलेले हान्स मॉर्गेंथाऊ अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले, आणि १९४८ मध्ये त्यांनी हाच विचार शास्त्राच्या रूपाने मांडला. महायुद्धानंतर अमेरिका जगात वरचढ झाली. तिच्यापाशी पैसा होता, विद्यापीठे होती, आणि नव्या अधिकारामुळे पडलेले नवे प्रश्नही होते. त्यामुळे हे शास्त्र तेथे इतके फोफावले की, १९७७ मध्ये स्टॅन्ली हॉफमन ह्या तेथीलच पंडिताने आंतरराष्ट्रीय संबंध हे अमेरिकेचे शास्त्र आहे, असा निष्कर्ष काढला. जगाविषयीची विद्या एका देशाच्या खिडकीतून जग पाहत आहे, हा त्याचा इशारा होता.

ह्या इतिहासातून घ्यावयाचा बोध असा. हे शास्त्र सर्व जगाचे म्हणून मिरवते, परंतु ते प्रश्न विचारते आपापल्या घरचे. इंग्रजांस युद्ध पुन्हा कसे टाळावे ह्याची चिंता होती. अमेरिकेस आपले वर्चस्व कसे टिकवावे आणि अणुयुद्ध कसे आवरावे, ह्याची. ह्यांतील उत्तरे आपणांस उपयोगी पडतील, पडतातही. परंतु आपले प्रश्न आपल्यासाठी दुसरा कोणी विचारणार नाही.

आपल्या देशात हे कोणास सुचलेच नाही, असे नाही. ज्या १९१९ साली ॲबरिस्टविथचे अध्यासन निघाले, त्याच साली बिनयकुमार सरकार ह्या बंगाली विद्वानाचा हिंदूंच्या परराष्ट्रविषयक सिद्धांतावरील निबंध अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात छापून आला. त्यास आधार होता कौटिलीय अर्थशास्त्राचा. हा ग्रंथ कित्येक शतके नावापुरताच उरला होता. १९०५ मध्ये तंजावरकडील एका पंडिताने त्याची ताडपत्रावरील पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. तेथील ग्रंथपाल शामशास्त्री ह्यांनी १९०९ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला. पुढे प्राध्यापक कंगले ह्यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि विवेचन मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ ह्या काळात तीन भागांत प्रकाशित केले. आमच्या संस्कृत विद्येचे हे केवढे उपकार आहेत, हे परराष्ट्रविद्या शिकणाऱ्या तरुणांनी विसरू नये.

अर्थशास्त्रातील मंडलसिद्धांत गृहस्थाश्रमी माणसास चटकन समजण्यासारखा आहे. ज्याच्या भिंतीस आपली भिंत लागलेली असते त्याच्याशीच आपला तंटा होण्याचा संभव अधिक असतो. आणि त्याच्या पलीकडचा शेजारी, त्याचाही त्याच्याशी तंटा असल्याकारणाने, आपल्याशी गोडीने वागतो. कौटिल्याने विजिगीषु राजास मध्यभागी ठेवून पुढे अरि, मित्र, अरिमित्र, आणि मागे पार्ष्णिग्राह, आक्रंद इत्यादी, शिवाय मध्यम आणि उदासीन, असे बारा राजांचे मंडल रचिले. त्यांच्याशी वागण्याचे संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव असे सहा गुण सांगितले. दूतांचेही त्याने तीन प्रकार केले आहेत : सर्वाधिकार असलेला निसृष्टार्थ, मर्यादित अधिकाराचा परिमितार्थ, आणि केवळ निरोप पोहोचविणारा शासनहर. ही मांडणी शास्त्राची आहे, केवळ चातुर्याची नव्हे. कारण ती कोणा एका राजाची गोष्ट सांगत नाही, तर कोणत्याही राजास लागू पडावा असा नियम शोधू पाहते.

अर्वाचीन काळी ह्या विद्येस संस्थेचे रूप आले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९३६ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून एक मंडळ निघाले होते. पण त्याची नाळ लंडनच्या संस्थेशी जोडलेली होती. जगाकडे पाहावयाचे तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ह्या भावनेने १९४३ मध्ये सर तेजबहादूर सप्रू आणि पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांनी दिल्लीस भारतीय विश्वव्यवहार परिषद स्थापन केली. पुण्यात गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे कुंझरू हे अध्यक्ष होते. राजकीय कार्यकर्त्याने अभ्यासावाचून बोलू नये, हा गोखल्यांचा कटाक्ष त्या परिषदेत उतरला असल्यास नवल नाही. १९४५ पासून परिषदेचे त्रैमासिक सुरू झाले. आपले परराष्ट्रधोरण ठरविण्याचा अधिकार तेव्हा आपल्या हाती नव्हता. घर ताब्यात येण्यापूर्वीच घराचा हिशेब शिकून ठेवण्यासारखे हे कृत्य होते, आणि मला ते फार दूरदृष्टीचे वाटते.

ह्याच परिषदेने १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरविली. सरोजिनी नायडू तिच्या अध्यक्षा होत्या. त्या परिषदेत एक प्रसंग घडला, तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सभास्थानी आशियाचा एक मोठा नकाशा लाविला होता. त्यात तिबेट चीनहून निराळा दाखविला होता. चिनी प्रतिनिधींनी हरकत घेतली आणि नकाशात बदल करावा लागला. सोहळ्याच्या गडबडीत ही गोष्ट किरकोळ वाटली असेल; पण नकाशावरील एका रेषेत किती इतिहास, किती दावे आणि किती भावी संकटे सामावलेली असतात, हे सांगावयास शास्त्रच लागते. चतुर यजमान पाहुण्याचे मन राखून नकाशा बदलतो. अभ्यासक ती रेषा तशी का काढली, आणि हरकत का आली, हे दोन्ही लिहून ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये सप्रू भवनाची इमारत उभी राहिली, आणि त्याच वर्षी परिषदेच्या आश्रयाने आंतरराष्ट्रीय अभ्यासाची भारतीय शाळा निघाली. अप्पादोराई हे तिचे पहिले संचालक. एकेका प्रदेशाचा अभ्यास करणारे विद्यार्थी तेथे तयार होऊ लागले, आणि ज्या प्रदेशाचा अभ्यास करावयाचा तेथील भाषाही शिकावी, असा आग्रह धरला गेला. १९५६ मध्ये कलकत्त्याच्या यादवपूर विद्यापीठात ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९५९ मध्ये दिल्लीच्या शाळेने आपले संशोधनपर नियतकालिक काढले. १९६५ मध्ये संरक्षणविषयक अभ्यासाची निराळी संस्था स्थापन झाली. तिला २०२० पासून गोव्याचे सुपुत्र मनोहर पर्रीकर ह्यांचे नाव आहे. १९७० मध्ये दिल्लीची शाळा नव्याने निघालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली, आणि आजही तेथील आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा ह्या नात्याने चालू आहे. मूळ परिषदेस २००१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली.

म्हणजे वास्तू आहेत, अध्यापक आहेत, ग्रंथालये आहेत. तरीही ह्या शास्त्राने आपल्याकडे पुरते मूळ धरले आहे, असे त्यातील जाणकारच म्हणत नाहीत. कांती बाजपेयी आणि सिद्धार्थ मल्लवरपू ह्यांनी २००५ मध्ये भारतातील ह्या विद्येवर दोन खंड संपादिले. त्यांतील एकाचा सूर सिद्धांतचर्चा स्वगृही आणावी असा आहे. स्वगृही आणावयाची ती वस्तू अद्याप बाहेर आहे, हे त्यात ओघानेच आले. ह्याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण असे की, स्वातंत्र्यानंतरही आपण ह्या विषयात चातुर्यावरच भिस्त ठेविली. १९४७ पासून १९६४ पर्यंत पंतप्रधानपद आणि परराष्ट्रखाते ही दोन्ही नेहरूंच्याच हाती होती. त्यांचे जगाविषयीचे ज्ञान मोठे होते ह्यात वाद नाही. परंतु एका माणसास सर्व ठाऊक असले म्हणजे इतरांस शिकण्याची निकड वाटेनाशी होते. पंडितांचे काम मग धोरणाचे समर्थन वा टीका करण्यापुरते उरते. नानांच्या वेळची ही गोष्ट आपण नव्या वेषात पुन्हा पाहिली.

दुसरे कारण भाषेचे. १९४७ मध्ये आपल्या सरकारने काही विद्यार्थी चीनला धाडिले. त्यांत वसंत परांजपे हे होते. ते चिनी भाषा उत्तम शिकले, आणि १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले तेव्हा त्यांनी दुभाष्याचे काम केले. पण असे किती परांजपे आपण तयार केले? १९६२ चे युद्ध झाले आणि १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचे केंद्र निघाले. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच. ज्याच्याशी आपली इतकी लांब सीमा आहे, त्याच्या घरात काय बोलणे चालले आहे हे आपण आजही पुष्कळदा इंग्रजी भाषांतरातून ऐकतो. भाषांतर करणारा आपल्यासाठी निवड करीत असतो, हे भाषा शिकविणाऱ्या माणसास निराळे सांगावे लागत नाही.

तिसरे कारण साधनांचे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळीत हिंडले, आणि १८९८ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. आधी कागद, मग इतिहास, हा धडा त्यांनी महाराष्ट्रास घालून दिला. परराष्ट्रविद्येसही तोच नियम लागू आहे. पंचवीस वर्षांहून जुने सरकारी कागद अभ्यासकांस पाहावयास मिळावेत, असा १९९७ चा नियम आहे. पण नियम असणे निराळे आणि कागद हाती पडणे निराळे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करून हेंडरसन ब्रुक्स आणि भगत ह्या दोन सेनाधिकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिलेला अहवाल सरकारने अद्याप स्वतः होऊन प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षे उलटली. ज्या चुकीचे कागद झाकलेले असतात त्या चुकीपासून पुढची पिढी शिकणार कशी?

शेजारच्या चीनने ह्या बाबतीत काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. १९६३ च्या अखेरीस तेथील राज्यकर्त्यांनी निर्णय घेऊन तीन विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचे विभाग काढिले, आणि कामाची वाटणी करून दिली : पेकिंग विद्यापीठाने वसाहतींच्या मुक्तीच्या चळवळी पाहाव्या, रेनमिन विद्यापीठाने साम्यवादी चळवळ पाहावी, आणि शांघायच्या फुदान विद्यापीठाने पाश्चात्त्य भांडवलशाही राष्ट्रे पाहावी. पुढे लवकरच झालेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीने तेथील सर्वच विद्येचा खोळंबा झाला. परंतु नंतर ते काम पुन्हा उभे राहिले. आज यान शुएतोंग, छिन याछिंग यांसारखे पंडित आपल्या प्राचीन ग्रंथांतील विचार घेऊन नवे सिद्धांत मांडतात आणि जग त्यांची दखल घेते. तेथे पंडितांस सरकारविरुद्ध बोलण्याची मोकळीक नाही, हा मोठा दोष आहे. आपल्याकडे ती मोकळीक आहे. मग तिचा उपयोग करून घेण्यात आपण मागे का राहावे?

येथे एक धोका सांगितला पाहिजे. प्राचीन ग्रंथांचा आधार घ्यावा म्हटले की, लगेच कोणी उठून ‘सर्व काही कौटिल्याने आधीच सांगून ठेविले आहे’ असे म्हणू लागतो. संस्कृतात आयुष्य गेलेल्या माणसास हे ऐकून आनंद व्हावा, असे लोकांस वाटते. मला तर वाईट वाटते. असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मूळ ग्रंथ उघडलेला असतो. कौटिल्याच्या जगात अणुबाँब नव्हता, राष्ट्रसंघ नव्हता, समुद्राखालून जाणाऱ्या तारांतून क्षणात फिरणारा पैसा नव्हता. मंडलाचा नियम आज कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे तपासणे म्हणजे कौटिल्याचा मान राखणे होय. पूर्वाचार्यांचे मत आधी मांडावे, त्याचा दोष दाखवावा, मग आपले मत सांगावे, ही त्याची स्वतःचीच पद्धती आहे. त्याचा जयघोष करून त्यास देव्हाऱ्यात बसविणे ही त्याच्या पद्धतीशी प्रतारणा आहे.

आता त्या भगिनींस उत्तर. आजोबांस सांगावे की, वर्तमानपत्र वाचून कळतात त्या घटना. त्यांचे कारण, त्यांमागील करार, भाषा आणि कागद कळावयास शिक्षण लागते. काकांचा प्रश्नही रास्त आहे, आणि त्यास गोड उत्तर देऊन फसविण्यात अर्थ नाही. ह्या विद्येत यंत्रशास्त्रासारखा पैसा नाही, आणि नोकरी दाराशी चालून येत नाही. परराष्ट्रसेवेची स्पर्धापरीक्षा कोणत्याही विषयाच्या पदवीधरास देता येते. शिवाय विद्यापीठे, संशोधनसंस्था, वृत्तपत्रे, परदेशांशी व्यवहार करणाऱ्या पेढ्या ह्यांत अशा जाणत्या माणसांची गरज असते. मुलीने विषयाबरोबर एक परभाषा, चिनी, अरबी, रशियन वा फारसी, ह्यांपैकी कोणतीही एक, मन लावून शिकावी. जिला ती भाषा खरोखर येते तिला काम मिळण्याचा संभव पुष्कळच वाढतो.

‘मुलीच्या जातीने कशाला?’ असा न विचारलेला तिसरा प्रश्नही त्या घरात असेलच. त्याचे उत्तर इतिहास देतो. १९४९ मध्ये मुथम्मा ह्या भारतीय परराष्ट्रसेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. त्या काळचा नियम असा होता की, ह्या सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, आणि विवाहामुळे कामात अडचण येते असे वाटल्यास सरकारने तिला राजीनामा द्यावयास लावावे. पुरुषांस असा नियम नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायालयाने असल्या नियमांवर कडक ताशेरे ओढिले. २००१ मध्ये चोकिला अय्यर ह्या परराष्ट्रसचिव झाल्या, आणि त्यांच्यानंतर आणखी दोन स्त्रियांनी ते पद भूषविले. ज्या दारासाठी एका स्त्रीने न्यायालयाची पायरी चढावी, ते दार उघडल्यावर आपणच आपल्या मुलीस उंबरठ्यावर अडवू नये.

शेवटी सर्वच वाचकांसाठी दोन शब्द. आज आपल्यातील बहुतेक घरांतील कोणी ना कोणी परदेशात आहे. अमेरिकेतील, जर्मनीतील वा आखातातील मुलाची आपण चौकशी करतो ती पगाराची, थंडीची आणि जेवणाची. तो ज्या देशाचे अन्न खातो त्या देशाचा राज्यकारभार कसा चालतो, त्याचे शेजाऱ्यांशी नाते काय, तेथील लोक आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे त्यास कधी विचारीत नाही. आणि विचारले तर त्याला सांगता येईल, अशी खात्रीही देता येत नाही. हणमंतराव विलायतेस जाऊन आला आणि त्याने पाहिलेले त्याच्याबरोबरच गेले, असे आपण वर म्हटले. आपल्या घरचे हणमंतराव दरवर्षी सुटीत येतात. त्यांस चार प्रश्न नीट विचारावे, त्यांची उत्तरे एखाद्या वहीत टिपून ठेवावी आणि घरातील मुलांस वाचावयास द्यावी. एवढ्याने शास्त्र निर्माण होणार नाही, हे खरे. परंतु ज्या घरात अशी वही असते त्या घरातील मुलीने हे शास्त्र शिकू म्हटले, तर ते काय असते, असे तिला कोणी विचारणार नाही.